पंचविसावी पोळी

४ ऑगस्ट, सोमवार

आचलनं मले गणित विचारलं! मले!

नेहमी बापाले विचारते. बाप जीप घेऊन सेमाडोहकडं गेला असला तर वरच्या खोलीतल्या हर्षाले विचारते. हर्षा धारणीची पोरगी, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिली, डबा माझाच खाते. मी मात्र घरात असून नसल्यासारखी. माझे दहावीचे गणितातले अकरा मार्क या घरात सगळ्यांले पाठ आहेत. सासरे होते तवा पाव्हण्यांले सांगत — "आमच्या सूनबाईले अख्खी क्रिकेटची टीम भेटली होती गणितात." पाव्हणे हसत. मी चहा गाळत राहायची.

तर आज संध्याकाळी मी गिऱ्हाइकांच्या डब्याच्या पोळ्या लाटून राहिली होती, अन् आचल वही घेऊन ओट्याजवळ आली. सहावीतली पोट्टी, पण उभी अशी राहिली जशी मोठ्या साहेबाच्या टेबलासमोर. "आई, हे सांग ना. चोवीसला सहाने भाग जातो का? पंचवीसला सहाने भाग जातो का? कारण लिहाचं आहे."

मी लाटणंच बाजूले ठेवलं. म्हटलं थांब, हे तर माझ्या हातातलं काम आहे! डबे सहा, ते ओळीनं मांडले. पोळ्या पंचवीस, रोजच्या सारख्याच. एकेका डब्यात चार-चार टाकल्या. एक उरली. म्हटलं पाहा, याले म्हणतात भाग जाणं. पंचविसाले सहानं झकास भाग जाते! मग ती उरलेली पोळी उचलून घेतली. आता झाल्या चोवीस. चार-चार गेल्या, टोपल्यात काहीच नाही. म्हटलं हा काही भाग नाही झाला. मागून कोणी आलं तर काय देशीन? वाटणारीनं काय खावं?

"पण आई, मॅडम तर..." म्हणे.

"मॅडम रोज सहा डबे भरतात काय?" म्हटलं.

आचल थोडा वेळ डब्यांकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं. मग म्हणे, "बरं." मी सांगत गेली, ती लिहीत गेली. मधे मी उगाचच हसली दोनदा. कणकेचा हात तिच्या वहीले लागला तरी रागावली नाही, नाहीतर केवढी आदळआपट करते.

इतकं बरं वाटून राहिलं की काय सांगू! हे आले की सांगीन. नाही, नको. हसतील.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज मीच विचारलं, गणित आहे काय वं? नाही म्हणे.

उद्या असन.

६ ऑगस्ट, बुधवार

आचल रडत आली. दप्तर फेकलं, तोंडावर उशी घेतली. मग कळलं — मॅडमनी तिचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. "२४ ला ६ ने भाग जात नाही, कारण वाटणारीला काही उरत नाही." सगळा वर्ग हसला. मॅडम पण हसल्या म्हणे. आता पोरं तिले "वाटणारी, वाटणारी" म्हणून चिडवून राहिले.

माझं डोकं असं तापलं! लेकराचं उत्तर काय तमाशा आहे? ते पण बरोबर उत्तर!

उद्या जाते शाळेत. पाहतेच.

७ ऑगस्ट, गुरुवार

गेली. भांडून आली.

मधली सुट्टी होती. व्हरांड्यात गाठलं आरती मॅडमले. बारीकशी पोरगी आहे, रोज परतवाड्याहून एस.टी.नं येते. हातात खडू, खांद्याले पर्स. मी म्हटलं, तुम्ही माझ्या पोरीचं उत्तर चारचौघांत काहून वाचलं? त्या म्हणे, "ताई, आत बसून बोलू या का?" म्हटलं आत काहून, लेकराची इज्जत तर बाहेरच काढली ना तुम्ही! पोरं गोळा झाले. दोन सर आले, शिपाई आला. त्या बिचाऱ्या सांगायचा प्रयत्न करून राहिल्या, "ताई, निःशेष भाग म्हणजे..." मी म्हटलं तुमचं निःशेष तुमच्या घरी! पंचवीस पोळ्या कधी लाटून पाहिल्या काय? पाहा एकदा, मग शिकवजा भागाकार!

मॅडमचं तोंड एवढंसं झालं.

आचल वर्गाच्या खिडकीत उभी होती. मी हात केला. ती आत निघून गेली. मले वाटलं लाजली असन.

अशी ताठ मानेनं घरी आली मी! जशी मोठी केस जिंकून आली.

हे संध्याकाळी आले. जेवता जेवता सगळं सांगितलं त्यांले. ऐकता ऐकता घास हातातच राहिला. म्हणे, "नीलम, तू काहून गेली वं भांडाले? पंचविसाले सहानं नाही जात भाग. एक उरते ना!" मी म्हटलं, उरते म्हणूनच तर! ते इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला. पाणी द्यावं लागलं मलेच.

मले वाटते हे मॅडमची बाजू घेऊन राहिले. माणसं अशीच असतात. पण ताटं उचलताना बोटांवर सहाचा पाढा मोजून पाहिला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

लिहाले हात होत नाही.

हर्षाचा डबा घेऊन वर गेली. म्हटलं, हर्षा, ते भाग जातो-बितो काय असते, जरा सांग बरं. आचलले समजावून सांगायचं आहे.

"आचलसाठी?" म्हणे. अन् माझ्याकडं असं पाहिलं. मी ओळखलं, पकडली गेली. पण पोरगी शहाणी आहे. कागद घेतला. म्हणे, "काकू, नुसतं भाग जाते असं म्हटलं ना, तरी गणितात त्याचा अर्थ पुरा भाग जाते. निःशेष. म्हणजे मागं काहीच शिल्लक राहाचं नाही. बाकी शून्य आली तरच गेला म्हणायचं. एक जरी उरली तर नाही गेला."

मी म्हटलं, "अन् मग मागून आलेल्याचं काय?"

हर्षा हसली. "काकू, गणितात मागून कोणी येत नाही."

मग पुस्तकातले शब्द सांगितले. चोवीस सहाने विभाज्य. सहा हा चोवीसचा विभाजक. माझा पुन्हा गोंधळ — कोण कोणाले? तर म्हणे, "तुमचे डबे धरा ना. वाटल्या जातात त्या पोळ्या, म्हणून चोवीस विभाज्य. अन् ज्याईत वाटून पुऱ्या होतात ते डबे, म्हणून सहा विभाजक." लगेच समजलं. एका मिनिटात! माझ्याच डब्यांनी, माझ्याच पोळ्यांनी.

म्हणजे सगळं उलटं सांगितलं मी लेकराले. जिथं जाते तिथं जात नाही सांगितलं, जिथं जात नाही तिथं झकास जाते सांगितलं. तिनं विश्वासानं लिहिलं. वर्गानं हसून घेतलं. अन् मी वरून शाळेत जाऊन गळा काढला — जिले येते तिच्यावर, मले येत नाही म्हणून!

खाली आली ती जिन्यातच बसली. माझ्या मेलीचं तोंड! कुठं लपवू हे तोंड!

९ ऑगस्ट, शनिवार

आचल जेवताना म्हणे, "आई, आता तू शाळेत नको येजो."

मान वर न करता म्हणाली. मी म्हटलं बरं.

१० ऑगस्ट, रविवार

इतवाऱ्याच्या बाजारात भाजीले गेली होती. बरबटीच्या शेंगा घेऊन राहिली, अन् समोरून आरती मॅडम! रविवारी इथं काहून आली ही बाई, परतवाड्यात भाजी भेटत नाही काय? मी सरळ खाली बसली, कोबीच्या ढिगामागं. भाजीवाली म्हणे, "काय झालं बाई, चक्कर आली काय?" म्हटलं हळू बोल. ती अजून मोठ्यानं म्हणे, "पाणी देऊ काय?"

मॅडमनी पाहिलंच. "नमस्कार ताई," म्हणे. काय साधा आवाज! मी मोबाइल कानाले लावला अन् हॅलो हॅलो करत निघाली. फोन कानावरच होता तर वाजला. यांचा!

बरबटीची पिशवी तिथंच राहिली. परत जायची हिंमत झाली नाही. चाळीशी आली अन् मी कोबीमागं लपून राहिली. असं माणसानं स्वतःले कधी पाहू नये.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून पोळ्या चोवीसच. बस झाला तो एक उरवायचा शौक. त्याच सवयीनं घात केला. सहा डबे, चार-चार, टोपलं रिकामं. बाकी शून्य. आम्ही घरचे तिघं तर रात्री वरण-भातच खातो.

आचलनं टोपल्यात पाहिलं. "एक पण नाही?" म्हणे.

"नाही. निःशेष."

मोठ्या तोऱ्यात म्हटलं खरं, पण टोपलं पालथं घालताना आंगावर काटा आला. आईच्या घरी टोपलं कधी रिकामं पाहिलं नाही मी.

अन् हे आजच नेमके उपाशी आले. घाटात गाडी अडकली होती, सकाळपासून चहावर. "पोळी दे एखादी." नाही म्हटलं. म्हणे, "तुह्या गणितानं तर मले उपाशी मारलं." हसूनच म्हणाले. मले मात्र रडू आलं. भरभर कणीक भिजवली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. अकोला

शाळेत झेंडावंदन होतं. आचल कवायतीत होती, पहिल्या रांगेत. मी गेली नाही. आईचा गुडघा दुखते असं सांगून सकाळच्या गाडीनं अकोल्याले पळून आली. आचलनं विचारलं पण नाही, येशीन काय म्हणून. तीच नको म्हणाली होती ना. पांढरा युनिफॉर्म रात्री इस्त्री करून ठेवला तेवढाच.

इथं आईचा गुडघा चांगला आहे. माझ्याकडं पाहूनच म्हणे, "काय करून आली वं?"

सगळं सांगून टाकलं. आईले शाळेचं तोंड माहीत नाही. ती शांतपणे ऐकत पोळ्या लाटत होती. शेवटची पोळी ताटलीत ठेवून वर दुसरी ताटली पालथी घातली. रोजच्या सारखी. मी म्हटलं, आई, हे तू काहून करते? याच्यानंच माझी शोभा झाली.

तर म्हणे, नवी नवरी होती तवा एकदा वावरातून उशिरा आली. घरात सगळ्यांचं जेवण झालं होतं. सासूनं रिकामं टोपलं दाखवलं — वाटून झालं. "त्या दिवशी मी पाणी पिऊन झोपली. तवा ठरवलं, माह्या घरी जो मागून येईन त्याले टोपलं नाही दाखवाचं."

इतके वर्ष खाल्ली मी ती उरलेली पोळी. कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, पण गणितात ते चूक आहे. आई म्हणे, "असन बाप्पा. मी कुठी नाही म्हणते? गणित त्या मॅडमचं खरं, पोळी माह्यी खरी. तू दोन्हीची खिचडी केली अन् वरून भांडून आली. चूक भांडाची आहे." मग थोड्या वेळानं, "माफी मांगितली काय?"

मी ताटलीवरची ताटली सारखी करत राहिली.

"मंग इथं काय करून राहिली?"

१६ ऑगस्ट, शनिवार

परत आली. कवायतीचा फोटो हर्षानं काढला म्हणे. ती गेली होती. आचल पहिल्या रांगेत, मान ताठ. पण नजर समोर नाही, बाजूले आहे, जिथं आईबाप उभे राहतात तिकडं.

मी फोटो पाहिला अन् मोबाइल उपडा ठेवला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळेच्या फाटकापर्यंत गेली. परत आली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा गेली. शिपाई म्हणे, "आज कोणाशी भांडाचं आहे ताई?" परत आली.

शनिवारी पालक सभा आहे. चिठ्ठी आली. आचलनं ती स्वतःहून दाखवली नाही, दप्तर झाडताना खाली पडली.

२३ ऑगस्ट, शनिवार

सांगून टाकलं.

सभेत सगळ्यांत मागं बसली होती. आचल मुलांच्या रांगेत. मले पाहून तिचा चेहरा असा उतरला, की वाटलं उठावं अन् जावं. मॅडम वर्गाच्या प्रगतीचं बोलल्या, गृहपाठाचं बोलल्या. मग म्हणे, कोणाला काही विचारायचं आहे का? मी उठली. दोन्ही सर एकमेकांकडं पाहाले लागले. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

म्हटलं, "विचारायचं नाही, सांगायचं आहे. त्या दिवशी मी मॅडमवर वरडली. चूक माझी होती. चोवीसले सहानं भाग जाते, पंचविसाले जात नाही. एक उरली तर नाही म्हणायचं, हे मले माहीत नव्हतं. आचलले ते उत्तर मीच सांगितलं होतं. तिची चूक नाही. पोरांनी तिले हसू नये. हसायचं तर मले हसा. मले गणितात अकरा मार्क होते."

अकरा मार्क! सासरे गेले तरी हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं. थोडं कोणी हसलं पण. हसू दे.

बसली तर खुर्ची मागं सरकली, आवाज झाला केवढा.

मॅडम खाली उतरून माझ्याजवळ आल्या. म्हणे, "ताई, वर्गात वाचून दाखवायला नको होतं मी. ती चूक माझी." अन् मग हळूच, "पण आचल तर मला वेगळंच म्हणाली होती. आईनं बरोबरच सांगितलं होतं, माझंच लिहिताना उलटं झालं, असं."

मी वळून पाहिलं. आचल बुटाची लेस बांधून राहिली होती. बांधलेलीच होती ती.

घरी येताना हात धरला तिनं माझा, रस्ता ओलांडायचा नव्हता तरी. पण मी काही विचारलं नाही. लाजच वाटून राहिली होती. लेकरानं माझ्यासाठी खोटं बोलावं, अन् मी कोबीमागं लपावं!

२४ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा पंचवीस लाटल्या. शेवटची तव्यावर होती तवा आचल ओट्याजवळ आली. विचारलंच शेवटी, मॅडमले खोटं काहून सांगितलं?

"तुले कोणी हसू नये म्हणून."

म्हटलं, अन् लिहिलं काहून तसं? शंका तर तुले तवाच आली होती ना?

"शंका नाही वं आई. मले येत होतं. हर्षाताईनं मागच्याच महिन्यात शिकवलं."

"मग मले विचारलं काहून?"

ती ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करत राहिली. "सगळे बाबालेच विचारतात. तुले कोणीच काही विचारत नाही. म्हणून विचारलं. अन् तू एवढी खुश झाली होती... मग कसं सांगू, चुकलं म्हणून?"

पोळी तव्यावर करपली. अर्धी-अर्धी खाल्ली दोघींनी.